'कवचाला तडा' छापण्याआधी त्या चित्राचा ग्रिड विचारा

संपादक महोदय,

मागच्या रविवारच्या पुरवणीतला सौरवादळांवरचा लेख वाचला. लेख चांगला होता, उगाच घाबरवलेलं नव्हतं, त्याबद्दल लिहिणाऱ्यांना शाबासकी. पण सोबत अर्धं पान भरून जे निळं-केशरी चित्र छापलंत, डावीकडून सूर्याचा वारा येतोय, मधे पृथ्वी आणि मागे लांबच लांब शेपटी, त्याच्याखाली 'उपग्रहाने टिपलेले पृथ्वीचे चुंबकीय कवच' असं लिहिलंय. अहो, ते कुठल्याच उपग्रहाने टिपलेलं नाही. चुंबकीय रेषा कॅमेऱ्यात येत नाहीत. शिवाय हे प्रकरण एवढं अवाढव्य आहे की सूर्याकडच्या बाजूला त्याची हद्द पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण 64 हजार किलोमीटरवर आणि मागची शेपटी चंद्राच्याही पलीकडे जाते, यान त्यातून जातं तेव्हा त्याला फक्त त्या क्षणी त्या जागेवरचे आकडे मिळतात. बाकी सगळं चित्र कॉम्प्युटरने गणित करून काढलेलं असतं. आणि त्यावर हेडिंग काय, तर 'कवचाला तडा'.

मी चिंचवडला सीएफडीचं काम करतो, म्हणजे गाडीभोवतीची आणि इंजिनातली हवा कॉम्प्युटरवर वाहती करायची. चुंबकावरण, म्हणजे हेच चुंबकीय कवच, हा माझा छंद, पोटापाण्याचा विषय वेगळा. पण ही चित्रं ज्या पद्धतीने निघतात ती पद्धत आमच्या रोजच्या मेशिंगपेक्षा, म्हणजे जागा छोट्या डब्यांत कापण्यापेक्षा, फार वेगळी नाही, आणि म्हणूनच त्यात एक गंमत आहे जी कुठल्याच मराठी पेपरात आलेली माझ्या पाहण्यात नाही, ती सांगायला हे पत्र.

आधी तडा म्हणजे काय ते. सूर्याकडून येणारा वारा म्हणजे विजेचा भार असलेला विरळ वायू, प्लाझ्मा, आणि तो स्वतःबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो. हानेस आल्फवेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की असा प्लाझ्मा आणि त्यातल्या चुंबकीय रेषा एकमेकांना चिकटून असतात, प्लाझ्मा जाईल तिकडे रेषा जातात, रेषा तुटत नाहीत, यांची सरमिसळ होत नाही. हे शंभर टक्के खरं असतं तर सूर्याचा वारा पृथ्वीच्या क्षेत्राला बाहेरून घासून निघून गेला असता, ऑरोरा, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशातला रंगीत प्रकाश, फारसे दिसले नसते आणि वादळाची बातमीही झाली नसती. पण 1961 मध्ये जेम्स डंगी या इंग्रज माणसाने मांडलं की वाऱ्यातलं क्षेत्र दक्षिणेकडे तोंड करून आलं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या बरोब्बर उलट, की दोन्हीकडच्या रेषा समोरासमोर येऊन एका पातळ पट्टीत तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात, एक टोक पृथ्वीत आणि दुसरं थेट सूर्याच्या वाऱ्यात. यालाच मॅग्नेटिक रिकनेक्शन म्हणतात. मग वारा त्या जोडलेल्या रेषा मागे ओढून नेतो, शेपटीत त्यांचा ढीग साचतो, तिथे पुन्हा एकदा तुटणं-जोडणं होतं आणि साठलेली ऊर्जा उष्णता आणि वेग होऊन पृथ्वीकडे आणि उलट्या बाजूला फेकली जाते.

म्हणजे 'तडा' ही आणीबाणी वगैरे नाहीच. क्षेत्र दक्षिणेकडे वळलं की हे होतं, आज होतं, उद्या होईल, वादळात फक्त जोरात होतं. 2016 मध्ये मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या लोकांनी उटीच्या ग्रेप्स-3 डिटेक्टरची नोंद प्रसिद्ध केली होती, 22 जून 2015 ला सुमारे दोन तास कॉस्मिक किरणांचा मारा वाढला होता आणि त्यांच्या हिशोबाने कवच तेवढ्यापुरतं दाबलं आणि कमजोर झालं होतं. संशोधन मोलाचं, पण तेव्हाही झाडून सगळीकडे 'तडा गेला' हेच छापून आलं, जसा काही माठ फुटला. माझ्या एका नातेवाईकांनी तर फोन करून विचारलं, आता काय करायचं.

आता मुद्द्यावर येतो. पृथ्वीचं अख्खं चुंबकावरण कॉम्प्युटरवर उभं करायचं तर ते डब्यांमध्ये कापावं लागतं, ग्रिड म्हणतात ते. मिशिगन विद्यापीठाचा बॅट्स-आर-अस, न्यू हॅम्पशायरचा ओपन-जीजीसीएम, जुना एलएफएम आणि त्याचा वारस गमेरा, असे मोजके कोड जगभर वापरतात आणि बहुतेकांच्या मुळाशी मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक्स, एमएचडी, म्हणजे प्लाझ्माला द्रव समजून लिहिलेली समीकरणं. पृथ्वीच्या त्रिज्येचा आठवा भाग म्हणजे साधारण 800 किलोमीटर, असा डबा बऱ्यापैकी बारीक समजला जातो. मुंबई-नागपूर एका डब्यात आणि वर थोडी जागा उरते. आणि त्या पट्टीत रेषा तुटण्याचं खरं काम जिथे होतं, जिथे इलेक्ट्रॉनसुद्धा रेषांची साथ सोडतात, तो भाग सूर्याकडच्या बाजूला जेमतेम काही किलोमीटर जाडीचा, दादर-कुर्ला म्हणा. आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले जड कण, त्याच्या आधीच, 50 ते 100 किलोमीटरच्या पातळीवर, रेषांपासून सुटतात. शेपटीत प्लाझ्मा विरळ असल्याने हे आकडे मोठे होतात, तरी इलेक्ट्रॉनांचा भाग दहा-वीस-तीस किलोमीटरच्या घरातच राहतो.

नासाने 2015 च्या मार्चमध्ये एमएमएस नावाची चार यानं सोडली ती खास एवढ्यासाठीच. चौघं पिरॅमिडसारखी मांडणी करून उडतात, एकमेकांत सातेक किलोमीटर अंतर ठेवण्यापर्यंत जवळ येतात आणि इलेक्ट्रॉनांचं मोजमाप दर 30 मिलीसेकंदाला घेतात, कारण ती पट्टी यानावरून एका झटक्यात निघून जाते. 16 ऑक्टोबर 2015 ला ती नेमकी त्या भागातून गेली आणि इलेक्ट्रॉन कसे वागतात ते पहिल्यांदा इतक्या बारकाईने दिसलं.

मग प्रश्न असा की 800 किलोमीटरच्या डब्यात काही किलोमीटरची गोष्ट दिसणारच नाही, आणि आदर्श एमएचडीच्या, म्हणजे विजेला रोध (अडथळा) शून्य धरलेल्या, समीकरणात तर रेषा तुटायला परवानगीच नाही, तर तुमच्या चित्रात त्या तुटलेल्या कशा काय दिसतात?

उत्तर ऐकून हसू येईल. कॉम्प्युटरच्या ढिसाळपणामुळे.

आमच्याकडे हा प्रकार रोजचा आहे म्हणून आकड्यातच दाखवतो. समजा डब्यांची एक ओळ आहे, डावीकडच्या डब्यांमध्ये धूर 1, उजवीकडच्यांत 0, मधे सरळ रेघ, आणि हवा उजवीकडे वाहतेय, एका स्टेपला डब्याच्या 0.3 भाग. साध्या पद्धतीने सोडवलं तर पहिल्या स्टेपनंतर रेघेलगतच्या डब्यात 0.3 येतं, बरोबर आहे. दुसऱ्या स्टेपला तिथे 0.6 यायला हवं आणि पुढचा डबा कोराच राहायला हवा, पण येतं 0.51 आणि पुढच्या डब्यात 0.09. धूर अजून तिथे पोचलाच नाही आणि तरी तो तिथे आहे, कारण डब्याच्या आत नेमकं कुठे काय आहे ते कॉम्प्युटरला ठाऊक नाही, तो सगळं डबाभर पसरवून टाकतो. पन्नास स्टेपनंतर रेघेचा पार चिखल. भौतिकशास्त्रात कुठेही न घातलेली ही गळती, न्यूमरिकल डिफ्यूजन म्हणतात. चांगल्या पद्धती वापरून ती कमी होते, पण जिथे एकदम उलटपालट आहे तिथे राहतेच.

आता हेच चुंबकीय क्षेत्राला लावा. आतल्या डब्यात उत्तरेकडे 50 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), शेजारच्या बाहेरच्या डब्यात दक्षिणेकडे 50, वारा दोघांना एकमेकांत ढकलतोय, दोघांची सरमिसळ झाली की शिल्लक शून्य. क्षेत्र गेलं, रेषा तुटल्या, नव्याने जोडल्या गेल्या. कोड नीट लिहिलेला असला तर हरवलेली चुंबकीय ऊर्जा उष्णता म्हणून हिशोबात परतही येते. डंगीने सांगितलेली गोष्ट घडते, पण घडवणारा हात डब्याच्या जाडीचा असतो, इलेक्ट्रॉनचा नाही. काही कोडमध्ये, उदाहरणार्थ ओपन-जीजीसीएममध्ये, जिथे वीजप्रवाह एका मर्यादेपलीकडे दाटतो तिथे मुद्दाम रोध घालायची सोय केलेली आहे, म्हणजे निदान कारभार उघड्यावर चालतो.

आता कुणी म्हणेल मग हे सगळं बोगसच की. इथेच मला थांबवून सांगावंसं वाटतं की नाही, बोगस नाही, आणि हीच खरी मजा आहे. स्वीट आणि पार्कर या दोन शास्त्रज्ञांच्या जुन्या हिशोबाने (1950 च्या दशकातला आहे) रोध कमी केला की रिकनेक्शन मंदावत जातं, आणि इथे गळती हाच रोध, म्हणजे ग्रिड बारीक केला की कवच अधिकाधिक पक्कं दिसायला हवं आणि उत्तर दर वेळी बदलायला हवं. पण प्रत्यक्षात सूर्याकडच्या बाजूला एकूण किती रेषा दर मिनिटाला तुटतात तो आकडा ग्रिड बदलला तरी त्या मानाने कमी हलतो. कारण वारा थांबत नाही. आत तुटणं कमी पडलं तर क्षेत्राचा दाटवा हद्दीवर वाढत जातो, रेषा जास्त जोराने एकमेकांवर आदळतात, पट्टी पातळ होते, आणि शेवटी आत येणारं आणि तुटणारं यांचा मेळ बसतो. इयान ॲक्सफर्ड या अवकाश शास्त्रज्ञाने 1984 मध्ये साधारण हेच म्हटलं होतं की दर बाहेरची परिस्थिती ठरवते, आतला सूक्ष्म मामला पट्टी कशी दिसेल तेवढं ठरवतो. यावर अजून भांडणं चालू आहेत, दर नेमका कोण ठरवतं, वाऱ्याचं विद्युतक्षेत्र की हद्दीवरच्या प्लाझ्माची घनता आणि क्षेत्राची ताकद, दोन्ही बाजूंची माणसं हुशार आहेत. पण मॉडेल सरसकट खोटं ठरत नाही ते यामुळे.

शेपटीत मात्र हा युक्तिवाद लंगडा पडतो. तिथे ऊर्जा साचते आणि मग अचानक सुटते, सबस्टॉर्म म्हणतात, आणि ती कधी सुटेल हे तिथल्या पट्टीच्या आतल्या भौतिकशास्त्रावर अवलंबून. गळका ग्रिड ऊर्जा साचूच देत नाही, थोडी थोडी झिरपवत राहतो, चित्र गुळगुळीत दिसतं आणि स्फोट उशिरा होतो किंवा भलत्याच वेळी. नासाच्या थेमिस यानांनी 2008 च्या फेब्रुवारीत शेपटीत पृथ्वीच्या वीसेक त्रिज्या अंतरावर आधी रिकनेक्शन आणि मागोमाग ऑरोरा भडकलेला पकडला होता, मधे दीडेक मिनिटाचाच काय तो खेळ. तेवढी अचूकता या जागतिक मॉडेलकडून मागणं म्हणजे जास्तच झालं.

बरं, ग्रिड बारीक करा ना. हिशोब करून बघा. डब्याची बाजू निम्मी केली की तिन्ही दिशांनी मिळून डबे आठपट, आणि टाइमस्टेपही निम्मा करावा लागतो, म्हणजे काम सोळापट. 800 किलोमीटरवरून 1.6 वर यायचं तर 500 पट बारीक, सगळीकडे केलं तर काम 500 चा चौथा घात, 6 हजार 250 कोटी पट. कुठल्याही परम सुपरकॉम्प्युटरने होणार नाही, पुण्यातल्या नाही आणि परदेशातल्याही नाही.

म्हणून लोक आडमार्गाने जातात. एक मार्ग, जिथे पट्टी आहे तेवढ्याच भागात एक छोटी पेटी ठेवायची, पेटीत कण एकेक करून चालवायचे आणि बाहेर सगळं द्रव, दोघांनी दर स्टेपला एकमेकांशी देवाणघेवाण करायची. मिशिगनवाले याला एमएचडी-एपिक म्हणतात. यातही कात्री लागतेच, इलेक्ट्रॉन खऱ्यापेक्षा जड घेतात (प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड असतो, सिम्युलेशनमध्ये बऱ्याचदा शंभरच), आणि पृथ्वीसाठी तर आयनांची मोजपट्टीच (वरची 50 ते 100 किलोमीटरची) मुद्दाम कित्येक पट ताणून घेतात म्हणजे ती डब्यात मावते, आणि ताणूनही मोठं चित्र फारसं बिघडत नाही हे तपासून दाखवतात. मला हे प्रामाणिक काम वाटतं, कात्री कुठे लावली ते पेपरात स्वच्छ लिहिलेलं असतं. दुसरा मार्ग हेलसिंकी विद्यापीठाचा व्लासिएटर, मिन्ना पाल्मरोथ यांच्या गटाचा, तिथे आयन द्रव धरतच नाहीत, प्रत्येक जागी कुठल्या वेगाचे किती आयन हे सगळं साठवतात, म्हणजे जागेच्या तीन आणि वेगाच्या तीन अशा सहा मिती. मेमरीचा विचार करूनच मला घाम फुटतो. आणि एवढं करूनही तीन मितींतल्या मोठ्या रनमध्ये सगळ्यात बारीक डबा हजार किलोमीटरच्या आसपासच असतो! पण 2023 मध्ये त्यांनी दाखवलं की शेपटीचा उद्रेक एकट्या रिकनेक्शनने होतो की दुसऱ्या अस्थिरतेने, या कित्येक वर्षांच्या भांडणात दोघंही एकाच वेळी कामाला लागलेले असू शकतात.

माझ्या मते सगळ्यात छान गोष्ट पृथ्वीची नाहीच, लहान चुंबकावरणांची आहे. बुधाचं क्षेत्र पृथ्वीच्या साधारण एक टक्का, सूर्य जवळ, त्यामुळे कवच पृष्ठभागापासून हजारेक किलोमीटरवरच संपतं आणि डंगीचं जे चक्र इथे तासाभराचं असतं ते तिथे दोन-तीन मिनिटांत उरकतं. मेसेंजर यान 2011 ते 2015 त्याच्याभोवती फिरत होतं, त्याला रिकनेक्शनचा दर पृथ्वीपेक्षा खूप जास्त आढळला. गुरूचा चंद्र गॅनिमीड, स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असलेला आपल्याला माहीत असलेला एकमेव चंद्र, गॅलिलिओ यानाने 1996 मध्ये शोधला तो गुण, तोही तसाच छोटा. गुरूच्या भल्यामोठ्या चुंबकावरणाच्या पोटात हे चिमुकलं चुंबकावरण बसलंय, येणारा प्रवाह संथ असल्याने पुढे धक्कालाटसुद्धा तयार होत नाही. इथे आयनांची मोजपट्टी कवचाच्या मानाने मोठी, म्हणजे पेटी ठेवायची तर ताणाताणी न करता ठेवता येते. 2016 मध्ये गॅनिमीडवर अशी पेटी ठेवून गणित चालवलं आणि गॅलिलिओने घेतलेल्या आकड्यांशी ताडून पाहिलं. नंतर 7 जून 2021 ला जुनो यान त्याच्या हजारेक किलोमीटरवरून गेलं आणि त्यालाही रिकनेक्शनमधून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या खुणा मिळाल्या. युरोपचं ज्यूस यान एप्रिल 2023 मध्ये निघालंय, 2034 च्या शेवटी गॅनिमीडभोवती फिरायला लागेल. तेव्हा पुरवणीत जागा ठेवा.

गुरूचं स्वतःचं वेगळंच. तो दहा तासांच्या आत गिरकी घेतो, आयो चंद्राचे ज्वालामुखी सेकंदाला टनाच्या हिशोबात माल ओततात, त्यामुळे शेपटीतलं तुटणं-जोडणं मुख्यतः आतल्या फिरण्यातून होतं, सूर्याचा वारा किती महत्त्वाचा यावर वाद आहेत. सिम्युलेशन करणाऱ्यांची तिथे सत्त्वपरीक्षाच.

आता यात आपल्याला काय? 2016 पासून अमेरिकेच्या नोआ संस्थेचं अवकाश हवामान केंद्र मिशिगनचंच मॉडेल रोजच्या अंदाजासाठी चालवतं. त्याला लागणारे आकडे एल-1 बिंदूवरून येतात, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवर, म्हणजे वादळ प्रत्यक्ष आदळायच्या पाऊण-एक तास आधी, जोरदार असेल तर आणखी कमी. आपलं आदित्य-एल1 6 जानेवारी 2024 पासून तिथेच आहे, सहा मीटरच्या दांडीवर त्याचा मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं उपकरण, आहे, आणि तो जे मोजतो त्यातला उत्तर-दक्षिण घटक, बीझेड, हाच रिकनेक्शनचा दरवाजा उघडा की बंद ते सांगतो. 10-11 मे 2024 च्या वादळात, लडाखमधल्या हानलेहून लाल ऑरोरा दिसला तेव्हा, तो घटक दक्षिणेकडे झुकलेला होता. त्या दिवशी मराठी पेपरांत किती फोटो आले, पण बीझेडचा आकडा एकाही ठिकाणी दिसला नाही. पावसाच्या बातमीत मिलिमीटर छापता ना?

आणि मुंबईचा तर यात जुना हक्क आहे. सप्टेंबर 1859 च्या कॅरिंग्टन वादळात कुलाब्याच्या वेधशाळेत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने कोसळल्याची नोंद हाताने लिहून ठेवलेली आहे, जगात त्या वादळाच्या मोजक्या चांगल्या नोंदींपैकी एक. (पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून मोजमाप अलिबागला हलवलं, 1904 पासून तिथे चालू आहे.) 2021 मध्ये संशोधकांनी याच मिशिगनच्या मॉडेलने कुलाब्याचा तो आलेख पुन्हा उभा करायचा प्रयत्न केला, वाऱ्याचे वेगवेगळे अंदाज घालून, कारण तेव्हा एल-1 वर मोजायला कोणी नव्हतं. ही बातमी मराठीत यायला हवी होती.

म्हणून विनंती एवढीच, फार नाही. अशा चित्राखाली 'गणिताने काढलेले' असं लिहा आणि मॉडेलचं नाव द्या. वादळाची बातमी देताना वेळ एक न देता पट्टा द्या, अमुक ते अमुक वाजेपर्यंत, कारण मॉडेललाच तेवढी खात्री नसते. आणि तज्ज्ञांना फोन लावाल तेव्हा डबा किती किलोमीटरचा होता ते एकदा विचारा, उत्तर देताना त्यांनाही बरं वाटेल, हा प्रश्न त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचं असेल तर गुरूचा परिच्छेद कापा, नातेवाईकांचा फोनही उडवा, पण 0.51 आणि 0.09 वाला भाग कृपया तसाच ठेवा.

आपला,
एक वाचक, चिंचवड